तंत्रज्ञानाची आवड आणि मताची अमानत



ईदला आपाचा मुलगा पुण्याहून धानोऱ्याला आला होता. संगणक अभियंता आहे. शीरखुर्म्याचे पेले रिकामे झाले, पाहुणे पांगले, तेव्हा त्याने मोबाइलमधून डोके वर काढले आणि मला विचारले, "मामू, आमच्यासारख्या टेक्नॉलॉजीवाल्या पोरांनी मत कोणाला द्यायचं?"

प्रश्न त्याला अमेरिकेमुळे सुचला होता. तिथली २०२४ ची अध्यक्षपदाची निवडणूक त्याने क्रिकेटच्या सामन्यासारखी पाहिली होती. कोणता उमेदवार कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल काय म्हणतो, कोण आभासी चलनाच्या बाजूने आहे, कोणता मोठा उद्योगपती कोणाच्या मागे उभा आहे, हे सारे त्याला तोंडपाठ. "आपल्याकडे असा विचार करून कोणी मत देतच नाही," त्याची तक्रार.

त्याची धाकटी बहीण गडचिरोलीला बी.एस्सी. करते. ती दारातूनच म्हणाली, "भाईजान, आपण राष्ट्रपती निवडतो कुठे?"

तिचे बरोबर होते आणि थोडे अपुरेही होते. आपल्याकडे राष्ट्रपतींना खासदार आणि आमदार निवडतात. आमदाराच्या एका मताला किंमत असते आणि ती १९७१ च्या जनगणनेवरून काढतात. तेव्हाची महाराष्ट्राची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५. तिला २८८ आमदारांनी भागायचे, मग हजाराने भागायचे. उत्तर येते १७५. प्रत्येक खासदाराच्या मताची किंमत २०२२ च्या निवडणुकीत ७०० होती. म्हणजे धानोऱ्याचा मतदार राष्ट्रपती निवडतो, पण दोन जणांच्या हातून: गडचिरोलीचा आमदार आणि गडचिरोली-चिमूरचा खासदार. त्या दोघांना निवडताना आपण डोळे झाकले, तर पुढचे सगळेच झाकल्या डोळ्यांनी होते.

भाचा म्हणाला, "मग सोपं आहे. कलामसाहेबांसारखा टेक्निकल माणूस बघायचा आणि त्याला मत द्यायचं."

कलामसाहेबांचे नाव आपल्या घराघरांत प्रेमाने घेतले जाते. त्यात आपल्या समाजाचा अभिमान आहे, तसा रामेश्वरमच्या एका साध्या घरातला मुलगा उपग्रह सोडणारे एसएलव्ही-३ यान आणि अग्नी क्षेपणास्त्रापर्यंत पोहोचला याचाही आहे. पण २००२ सालची ती निवडणूक नीट आठवून पाहू. समोर उमेदवार होत्या कॅप्टन लक्ष्मी सहगल. आझाद हिंद सेनेच्या झाशीची राणी पलटणीच्या प्रमुख, पेशाने डॉक्टर, कानपुरात वर्षानुवर्षे गरिबांवर उपचार केलेल्या. कलामसाहेबांना ९ लाख २२ हजार ८८४ मतमूल्य मिळाले, लक्ष्मीबाईंना १ लाख ७ हजार ३६६. एक शास्त्रज्ञ आणि एक डॉक्टर, दोघेही देशासाठी खपलेले. "टेक्निकल कोण?" एवढाच प्रश्न विचारला असता, तर या दोन माणसांमधला खरा विचार सुरूच झाला नसता.

आता पुढची गोष्ट ऐका. मे २००५. बिहारमध्ये कोणालाही बहुमत मिळालेले नव्हते. विधानसभा बरखास्त करावी अशी शिफारस केंद्रीय मंत्रिमंडळाने २२ मेच्या रात्री उशिरा केली. कलामसाहेब तेव्हा मॉस्कोत होते. कागद फॅक्सने तिकडे गेले, त्यांची सही झाली आणि २३ मे रोजी विधानसभा बरखास्त झाली. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. जानेवारी २००६ मधल्या सविस्तर निकालात न्यायालयाने राज्यपालांवर ठपका ठेवला. पण कलामसाहेबांच्या मनाला ते लागले. आपण राजीनाम्याचे पत्र तयार केले होते, असे त्यांनी पुढे 'टर्निंग पॉइंट्स' या पुस्तकात लिहिले. पंतप्रधानांनी समजूत घातली म्हणून ते थांबले.

त्याच २००६ सालात लाभाच्या पदांविषयीचे विधेयक त्यांच्यासमोर आले. या वेळी त्यांनी सही केली नाही. फेरविचार करा, असे सांगून ते संसदेकडे परत पाठवले. संसदेने ते पुन्हा जसेच्या तसे मंजूर केले, तेव्हा घटनेप्रमाणे सही केली. पण एकदा तरी थांबून विचारले.

मी भाच्याला म्हणालो, "बेटा, दिल्लीचा कागद रातोरात मॉस्कोला पोहोचवणं हे तंत्रज्ञानाचं काम. ते त्यानं चोख केलं. सही करायची की सकाळपर्यंत थांबायचं, हे त्या फॅक्सच्या मशीनला कसं कळणार? ते माणसाचं काम. आपण मत देतो ते त्या माणसाला."

तो गप्प बसला. पण गप्प बसवणे म्हणजे उत्तर देणे नव्हे. त्याचा प्रश्न खरा होता. आज रेशनपासून शिष्यवृत्तीपर्यंत सगळे मोबाइल आणि अंगठ्यावर आले आहे. ज्याला यंत्र कळते, त्याने त्या कसोटीवर उमेदवार तपासला पाहिजेच. मग त्या दुपारी आम्ही तिघांनी बसून चार प्रश्न काढले. ते इथे देतो.

पहिला प्रश्न: तो जे देतो म्हणतो, ते त्याच्या हातात आहे का?

आपल्या भागात प्रत्येक निवडणुकीत रेंजचे आश्वासन मिळते. दूरसंचार हा विषय राज्यघटनेप्रमाणे केंद्राचा. नक्षलग्रस्त भागातले जुने टू-जी टॉवर फोर-जी करण्याची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मंजूर केली, ती २,३४३ ठिकाणांसाठी होती. ग्रामपंचायतींपर्यंत तार नेणारी भारतनेट योजनाही केंद्राचीच. तेव्हा नगरपंचायतीचा उमेदवार "मी टॉवर आणतो" म्हणाला, तर तो फार तर अर्ज देऊ शकतो. खासदाराच्या उमेदवाराला मात्र हा प्रश्न रोखठोक विचारावा: संसदेत किती वेळा विचारलेत, काय उत्तर मिळाले? ते सगळे संसदेच्या संकेतस्थळावर सापडते. नगरपंचायतीच्या उमेदवाराला विचारायचे ते वेगळे: जन्म-मृत्यूचा दाखला किती दिवसांत मिळेल, घरकर भरल्याची पावती मोबाइलवर येईल का, सभेचे ठराव लोकांना वाचायला मिळतील का? ही कामे त्याच्या आवाक्यातली आहेत, म्हणून त्यावर त्याला धरता येते.

दुसरा प्रश्न: यंत्र चालले नाही, तर माणसाचे काय?

या प्रश्नावर आमच्या घरात वाद झाला. आमच्या शेजारी एक आजी आहेत. जन्म रोवणीत आणि तेंदूपत्ता तोडण्यात गेला. बोटांच्या रेषा झिजून गेल्या आहेत. त्या महिन्यात त्या रेशनसाठी तीनदा जाऊन आल्या होत्या. एकदा लिंक नव्हती, दोनदा अंगठा लागला नाही. पिशवी रिकामीच घरी आली.

भाचा अशाच ओळख पटवणाऱ्या प्रणालींचे काम करतो. तो म्हणाला, "मामू, समजा शंभरात दोघांचा ठसा चुकला, तरी यंत्र चांगलंच म्हणतात. अठ्ठ्याण्णव लोकांचं काम झालं, चोरी थांबली."

भाची म्हणाली, "आणि त्या दोघांत आजी असेल तर? त्या महिन्यात तिनं काय खायचं?"

दोघांचेही म्हणणे टाकण्यासारखे नाही. रेशनमधली चोरी गरिबाच्याच ताटातली होती आणि ती थांबवायला यंत्राचा उपयोग झाला. पण देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, एका आदिवासी महिलेला दिला गेला, तो तिचा हक्क तिच्यापर्यंत पोहोचावा म्हणून. अंगठा लागत नाही एवढ्यावरून कोणाला धान्य नाकारू नये, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून ते द्यावे, अशा केंद्राच्या २०१७ पासूनच्या सूचना आहेत. म्हणून उमेदवाराला "तुम्ही काय काय ऑनलाइन करणार?" एवढेच विचारून थांबू नये. "ऑनलाइन बंद पडले तर गरिबाने कोणत्या दारात जायचे, आणि तिथे कोण बसलेले असेल?" हेही विचारावे. ज्याच्याकडे या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे, त्याला तंत्रज्ञान जास्त कळते असे मी समजेन.

तिसरा प्रश्न: आमची माहिती कोणाकडे जाईल आणि तुमची आम्हाला मिळेल का?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. आपल्या दीनमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगीवाचून शिरू नये, कोणाच्या खासगी गोष्टींची टेहळणी करू नये, ही तालीम लहानपणीच मिळते. न्यायालयाने ती कायद्याच्या भाषेत सांगितली, एवढेच. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण त्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मध्येही बदल केला. पूर्वी त्या कलमातच लिहिले होते की माहिती खासगी असली तरी सार्वजनिक कामाशी तिचा संबंध असेल किंवा मोठे लोकहित असेल, तर ती देता येईल. आता त्या कलमात फक्त 'वैयक्तिक माहिती' एवढेच कारण उरले. लोकहितासाठी माहिती देण्याची तरतूद कलम ८(२) मध्ये आहे, पण अर्जदाराला तिच्यासाठी झगडावे लागेल. महाराष्ट्राने तर केंद्राच्या आधी, २००२ मध्येच, माहिती अधिकाराचा कायदा केला होता. इथल्या उमेदवाराला याबद्दल काही मत असायला हवे. प्रचाराच्या वेळी दारावर येऊन तुमचा मोबाइल नंबर, घरातल्यांची नावे, वये कोणी लिहून घेत असेल, तर तेव्हाही शांतपणे विचारा: ही यादी कोणाकडे जाणार?

चौथा प्रश्न: लोक विरोधात बोलू लागले तर तुम्ही काय कराल?

इंटरनेट आणण्याची घोषणा सगळे करतात. ते बंद करण्याची वेळ आली की माणूस कळतो. काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असा आदेश जाहीर केला पाहिजे, त्याचा वेळोवेळी फेरविचार झाला पाहिजे आणि इंटरनेट अनिश्चित काळासाठी बंद ठेवता येणार नाही. अफवा आणि दंगा रोखणे हे सरकारचे कर्तव्य आहे, हे मान्य. पण बंदीच्या त्या दिवसांत कोणाचा परीक्षेचा फॉर्म राहतो, कोणाची मजुरी खात्यात अडकते, कोणाला दवाखान्यातल्या माणसाची खबर कळत नाही. हे ज्याच्या मनात येते, तो थांबून विचार करील. मॉस्कोचा फॅक्स इथे पुन्हा आठवावा.

भाच्याने विचारले, "हे प्रश्न ठीक आहेत. पण खरं उत्तर कोण देतं? सगळे गोडच बोलतात."

म्हणून बोलण्याआधी कागद पाहावा. प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत शपथपत्र द्यावे लागते. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराच्या शपथपत्रात त्याच्यावरचे गुन्हे, त्याची आणि घरच्यांची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि समाजमाध्यमांवरची खातीसुद्धा असतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही उघडता येते. घरातल्या मोबाइलवाल्या मुलाने मतदानाआधी एक संध्याकाळ काढून ते सगळ्यांना वाचून दाखवावे. दादीला, अम्मीलाही. तंत्रज्ञानाच्या आवडीचा घराला याहून चांगला उपयोग मला तरी दिसत नाही.

दुसरी खबरदारी ऐकीव गोष्टींची. सूरह अल-हुजुरातमध्ये बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या खबरीची आधी तहकीक करण्याची ताकीद आहे, नाहीतर अजाणतेपणी कोणाचे तरी नुकसान होऊन पस्तावण्याची वेळ येते. आता तर खबर आणणारा माणूसही खरा असेल असे नाही. अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मतदारांना अध्यक्ष बायडेन यांच्या आवाजात फोन गेले, प्राथमिक निवडणुकीत मत द्यायला जाऊ नका म्हणून. आवाज यंत्राने बनवलेला होता. मतदानाच्या आदल्या रात्री आपल्या ग्रुपवर एखाद्या उमेदवाराचा, किंवा आपल्या समाजाविरुद्ध, भडकावणारा व्हिडिओ आला तर तो पुढे ढकलू नका. खरा असेल तर सकाळीही खराच राहील.

आणि मत देऊन काम संपत नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये इंटरनेट सर्वांना सारखे मिळावे म्हणून देशभरातल्या तरुणांनी दूरसंचार नियामक प्राधिकरणाला दहा लाखांहून जास्त ई-मेल पाठवले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. त्यासाठी कोणाला निवडून आणावे लागले नाही. नेमके कोणाला लिहायचे आणि काय मागायचे, हे त्या मुलांना माहीत होते.

आमच्या धानोऱ्याजवळच मेंढा (लेखा) आहे. छोटे गोंड गाव. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवून देशात नाव झाले. त्या गावाची रीत मला नेहमी भावते. तिथे निर्णय ग्रामसभेत होतो आणि तो बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने. पण त्याआधी अभ्यास गट बसतो. तिथे विषय समजून घेतात, बाहेरच्या जाणकारालाही बोलावतात, शंका विचारतात. आपल्याकडे त्याला मशवरा म्हणतात, आणि कुरआनात तर एका सूरहचे नावच अश-शूरा आहे. मतदान गुप्त असते आणि ते तसेच राहावे. घरातल्या प्रत्येकाने वेगळे मत दिले तरी बिघडत नाही. पण त्याआधीचा अभ्यास सगळ्यांनी मिळून करायला काय हरकत आहे?

शेवटी भाची म्हणाली, "मामू, हे चार प्रश्न झाले. पण माणूस कसा असावा, ते एका वाक्यात सांगा ना."

मी तिला हजरत मूसा अलैहिस्सलाम यांची मदयनची हकिकत आठवून दिली. परमुलखातून आलेल्या त्या अनोळखी तरुणाला कामावर ठेवावे, असे एका मुलीने आपल्या वडिलांना सुचवले. कामाला ठेवण्यासाठी चांगला माणूस तो, जो ताकदीचाही आहे आणि अमानतदारही, असे तिचे म्हणणे होते. वडिलांनी मुलीचे ऐकले. नुसता प्रामाणिक पण काम न कळणारा, किंवा नुसता हुशार पण भरवशाचा नसलेला, असे दोन्ही अपुरे. यंत्रे चालवणारा असो की राज्य चालवणारा, दोन्ही गुण एका माणसात पाहायचे. पूर्ण सापडणार नाहीत. ज्याच्यात जास्त असतील तो निवडायचा आणि पाच वर्षे त्याच्यावर लक्ष ठेवायचे. नाव, जात, जमात पाहून डोळे मिटणे म्हणजे अमानतीत कसूर. आपल्या नावाचा माणूस म्हणून दिलेले मत आणि परक्या नावाचा म्हणून नाकारलेले मत, दोन्हींचा हिशेब द्यावा लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी भाच्याची पुण्याची गाडी संध्याकाळची होती. सकाळी तो दिसेना. भाचीने सांगितले, आजींची पिशवी घेऊन त्यांच्यासोबत रेशन दुकानात गेलाय, २०१७ च्या सूचनांचा कागद मोबाइलवर घेऊन. दोन तासांनी दोघे परत आले. आधारला जोडलेला नंबर आजींच्या नातवाकडे होता, त्याला फोन करून ओटीपी मागवावा लागला होता. पिशवीत तांदूळ होता.

पेला तोंडाला लावत भाचा म्हणाला, "मामू, तुमचा दुसरा प्रश्न मी पहिल्या नंबरावर घेतला."

अल्लाह आपल्या मुलांना इल्मसोबत हिकमत देवो आणि आपल्या सर्वांना मताची अमानत योग्य हाती सोपवण्याची तौफीक देवो. आमीन.